सूरजचा ब्रेकर

सावरखुटा फाट्यापासून जिनिंगपर्यंतच्या सव्वादोन किलोमीटरच्या रस्त्यावर अकरा ब्रेकर आहेत. सरकारदरबारी त्यांना गतिरोधक म्हणतात, पण तो शब्द फक्त पाटीवर असतो आणि पाटी कुणीतरी कोंबड्यांच्या खुराड्याला लावायला काढून नेतो. गावात प्रत्येक ब्रेकरला स्वतःचं नाव आहे. मास्तरचा ब्रेकर, दोघी बहिणींचा ब्रेकर, गोऱ्ह्याचा ब्रेकर. आपल्याकडे रीतच तशी आहे. आधी माणूस जातो, मग गाव रस्त्यावर बसतं, टायर पेटतात, साहेब येतात आणि आठवड्याभरात ब्रेकर होतो. ज्याच्या जाण्यानं झाला, त्याचं नाव त्याला चिकटतं. गोऱ्ह्याच्या वेळी कुणी रस्त्यावर बसलं नव्हतं, पण गोऱ्हा सरपंचाचा होता.

यातला सातवा ब्रेकर सूरजचा.

सूरज हा भिवाचा मुलगा. आणि भिवा याच रस्त्यावरचा मैलकामगार. खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं, पावसाळ्याआधी नळ्यांची तोंडं मोकळी करायची, असं त्याचं सव्वीस वर्षांचं काम. देशात किलोमीटर येऊन जमाना झाला तरी भिवा आपल्या हद्दीला 'माझा मैल' म्हणायचा. मैलाची त्याला खडान्‌खडा माहिती. कुठल्या बाभळीखाली डांबर पिघळतं, कुठं काळी माती फुगून रस्ता वर येतो, सगळं पाठ. त्याच मैलात, तीन वर्षांपूर्वी एका रविवारी, सूरज गाडीवरून पडला. बावीस वर्षांचा होता. नवीन जालन्यात बियाणांच्या एका कंपनीत पॅकिंगला होता आणि सुट्टीला घरी येत होता.

तेव्हापासून भिवाला काही वाटेनासं झालं. लोकांना वाटायचं, माणूस दुःखानं गप्प झाला. दुःख असतं तरी बरं झालं असतं. कढत चहानं जीभ पोळली की दोन दिवस कशाची चव कळत नाही, तसं त्याचं तीन वर्षं चाललं होतं. भाकर खायची म्हणून खायची, हजेरी लावायची म्हणून लावायची. कुणी हसलं की तोही ओठ ताणायचा.

अशात दिवाळीनंतर बातमी आली की या रस्त्यावर मोटारींची शर्यत होणार.

सरपंच तातेराव नुसते हवेत होते. त्यांच्या म्हणण्यानं जाफराबाद तालुक्याचं नाव आता जगात जाणार होतं. जगाचं राहू द्या, पण रस्त्याला नवं डांबर मिळणार होतं हे खरं, आणि गावानं मान डोलावली ती त्या डांबराकडे बघून. एक रविवार रस्ता बंद, सोमवारी पुन्हा एसटी सुरू. शर्यतीचा मार्ग आखायला पुण्याहून तृप्ती नावाची इंजिनिअर बाई आली. तिच्या हातात काठीला लावलेलं एक चाक होतं. ते ढकलत चाललं की काठीवरच्या डबीत आकडे पडायचे. रस्ता दाखवायला माणूस पाहिजे म्हणून मुकादम अप्पारावनं भिवाला तिच्याबरोबर दिलं.

"बाईसंगं जाय. इचारंल तेवढंच सांग," अप्पाराव म्हणाला. "आपल्या मैलाचं गाऱ्हाणं लावू नको."

तृप्तीनं आखलेला मार्ग बघून अर्धं गाव पारावर जमलं. फाट्यावरून मोटारी सुटणार, रस्त्याच्या डाव्या अंगानं जिनिंगपर्यंत जाणार, जिनिंगच्या पुढच्या फाटकातून आत घुसून सरकीच्या ढिगाला वळसा घालून वजनकाट्याच्या फाटकातून बाहेर पडणार, तिथून नव्या सिमेंटच्या पाणंदीनं नाल्याच्या फरशीवर उतरणार आणि पुन्हा त्याच रस्त्यावर येऊन उजव्या अंगानं फाट्याकडे परत. म्हणजे एकाच रस्त्यावर जाणाऱ्या आणि येणाऱ्या मोटारी, मध्ये फक्त वाळूच्या पोत्यांची रांग. कागदावर ते सगळं इळ्यासारखं दिसत होतं, मूठ लांब आणि पातं आखूड. एकजण म्हणाला इळा नाही, हा उलथना आहे. त्यावरून दोन दिवस वाद चालला. गावाला काय, विषय पाहिजे.

"असले ट्रॅक असतात का हो मॅडम?" भिवानं चालता चालता विचारलं. त्याला जाणून घ्यायचं नव्हतं, पण सोबतच्या माणसाशी बोलावं लागतं.

"खूप असतात, काका. सोमवारी जिथून बस जाते तिथून रविवारी मोटारी पळतात. कुठं मोठ्या रस्त्याच्या एका बाजूनं जायचं, टोकाला वळायचं आणि दुसऱ्या बाजूनं परत यायचं, झाला ट्रॅक. कुठं इंग्रजी आठच्या आकड्यासारखा, मधे पूल. वेडावाकडाच असतो, कारण रस्ता आधी माणसांसाठी केलेला असतो, शर्यतीसाठी नाही."

मग ब्रेकर सुरू झाले. तृप्ती वहीत 'एक', 'दोन' लिहीत चालली आणि भिवा सवयीनं नावं सांगत गेला. तिसऱ्यापाशी तिनं वर बघितलं.

"ही माणसांची नावं आहेत?"

"व्हय. ज्याचा त्याचा ब्रेकर."

तिनं वहीत आकड्यांशेजारी नावंही लिहायला घेतली. सातव्यापाशी आल्यावर भिवा म्हणाला, "ह्यो सूरजचा."

"कोण सूरज?"

"माझा पोरगा."

तृप्तीच्या हातून काठी सुटली. चाक आडवं पडलं आणि डबीतला आकडा शून्यावर गेला. भिवानं वाकून काठी उचलून दिली. ब्रेकरवर चुन्याचे पांढरे पट्टे होते, ताजे. बाकीच्या दहांवर पट्ट्यांचा मागमूस नव्हता.

"हे कोणी रंगवलं?"

"आमच्या मंडळीनं. दर पौर्णिमेला बुद्धविहारातून येती आन् पट्टे मारती. पट्टे नसले तर ब्रेकरच दुसऱ्याला पाडतो, म्हन्ती."

तृप्तीनं वळणाकडे बघितलं, परत ब्रेकरकडे. मग जरा चाचरत म्हणाली, "काका, विचारू नये, पण मला ट्रॅक सुरक्षित करायचाय म्हणून विचारते. अपघात कशामुळे झाला?"

"पंचनाम्यात भरधाव लिहेल हाय."

"भरधाव?" ती वळणाच्या कडेनं वीसेक पावलं चालून आली. "या सगळ्या मार्गावर हे सगळ्यात सोपं वळण आहे. ऐंशीनं आलेली मोटरसायकलसुद्धा इथून आरामात निघते. इथं वेगानं पडणं अवघड आहे."

"मंग आसंल कायतरी," भिवा म्हणाला आणि पुढं चालू लागला.

ते कायतरी काय होतं हे त्या रस्त्यावर पुरतं दोनच माणसांना माहीत होतं. एक अप्पाराव आणि दुसरा भिवा.

मैलकामगाराची एक डायरी असते. कुठं किती खड्डे बुजवले ते रोजच्या रोज लिहायचं. रोजच्या रोज कोण लिहितो? शनिवारी मुकादमासमोर बसून पुढच्या आठवड्याचंही लिहून मोकळं व्हायचं, ही सगळ्यांची पद्धत. त्या शनिवारी वळणावर परातीएवढा खड्डा पडलेला होता, चांगला वीतभर खोल. डांबर नव्हतं. अप्पाराव म्हणाला, "सोमवारी डांबर येऊन राह्यलं. बुजवला म्हणून लिही." भिवानं लिहिलं. 'वळणावरील खड्डा बुजवला.' खाली सही. दुसऱ्या दिवशी रविवारी सूरज त्याच खड्ड्यात गेला. पंचनाम्याला आलेल्या जमादारानं वळणावर न जाता फाट्यावरच बसून रस्त्याबद्दल विचारलं तेव्हा अप्पारावनं डायरी पुढं केली. रस्ता सुस्थितीत, मग दोष कुणाचा? चालवणाऱ्याचा. 'भरधाव वेगाने'. असा भिवाच्या सहीनं भिवाचा पोरगा गुन्हेगार झाला.

आणि गाव जेव्हा ब्रेकर मागायला लागलं, तेव्हा सगळे म्हणत होते वळणाच्या आधी तीस फुटांवर करा. जागा मात्र भिवानं दाखवली. घमेलाभर मुरूम टाकून खड्डा लेवल केला आणि बरोबर त्याच्यावर चुन्यानं रेघ मारली. बापाच्या शब्दापुढं कोण बोलणार? ब्रेकर झाला. खड्डा बुजला नाही, पुरला गेला.

संध्याकाळी तातेरावांनी पारावर सांगितलं की अकराही ब्रेकर निघणार आणि शर्यतीनंतर तीन दिवसांत जागच्या जागी होणार. कुणी हरकत घेतली नाही. हरकत घेतली ती एकट्या बेबीनंदानं. भिवाची बायको कधी चारचौघांत बोलायची नाही. त्या दिवशी पाराच्या पायरीवर उभी राहून बोलली.

"सरपंच, माझ्या लेकराच्या ब्रेकरला कोनी हात लावायचा न्हाई."

"अगं बेबीनंदा, परत करून देनार हायेत. बिलकुल तितंच."

"तुमी गोऱ्ह्याचा काढा. माझा न्हाई."

लोक हसले. तातेरावांचा चेहरा पडला. तृप्ती मात्र हसली नाही. तिनं नकाशा पुन्हा उघडला.

दुसऱ्या दिवशी तिनं भिवाला गाठलं. वळणाच्या बाहेरच्या अंगाला चिंचेखालून रस्त्याचा जुना तुकडा जातो. रस्ता सरळ केला तेव्हा तो सुटला, आता त्यावर फक्त शेळ्या बसतात. तृप्तीनं कागदावर तिथून एक रेघ काढली. इळ्याच्या मुठीला एक कोपर आलं.

"मोटारी सहाव्या ब्रेकरनंतर जुन्या रस्त्यावर घ्यायच्या आणि आठव्याच्या आधी परत आणायच्या. जाताना आणि येतानाही. सातव्याला कोणी शिवणार नाही. ट्रॅक विचित्र दिसेल, पण दिसू दे. फक्त जुन्या रस्त्याचा पाया भार घेईल का, हे तुमच्याशिवाय कोणाला सांगता येणार नाही. उद्या सकाळी सांगा, नकाशा उद्या जातो."

भिवाला माहीत होतं. जुन्या रस्त्याचं सोलिंग हातानं बसवलेल्या काळ्या दगडाचं होतं. मोटारी काय, रणगाडा गेला तरी हलणार नव्हतं. हो म्हटलं की सगळं मिटत होतं. ब्रेकर तसाच, त्याच्या पोटातला खड्डाही तसाच. बेबीनंदा खूश, तातेराव खूश. सुंठीवाचून खोकला जात होता.

त्यानं घरी हे सांगितलं. बेबीनंदा भाजी चिरत होती. तिनं विळी बाजूला सारली.

"म्हंजी एवढाल्या मोटारी आपल्या सूरजला वळसा घालून जानार?"

"व्हय."

ती हसली. तीन वर्षांत भिवानं तिला हसताना बघितलं नव्हतं. मग हसता हसताच तिनं पदर डोळ्यांना लावला आणि भिवाला ठाऊक होतं आता काय येणार. ते रोजच यायचं. कधी चुलीपाशी, कधी झोपताना, कधी शेजारणीपुढं.

"म्या फोन केला न्हसता तर आलं आसतं लेकरू हळूहळू. वरण-बट्टी थंड होऊन राह्यली, जल्दी ये म्हनले. म्याच म्हनले जल्दी ये. म्हनून तर भरधाव आला."

'भरधाव' हा शब्द तिच्या बोलण्यातला नव्हता. तो पंचनाम्यातून तिच्या तोंडात आला होता. ती तो फार जपून उच्चारायची, डॉक्टरांनी सांगितलेल्या रोगाच्या नावासारखा. त्या दिवसापासून तिनं घरात वरण-बट्टी केली नव्हती आणि कुणालाही 'जल्दी' म्हटलं नव्हतं. एसटी सुटत असली तरी ती माणसाला 'जाय सावकाश' म्हणायची.

भिवानं तोंड उघडलं. शब्द सगळे तयार होते, तीन वर्षांपासून तयार होते. पण ते बाहेर यायला आत काहीतरी हलावं लागतं आणि आत काही हलेना. तो म्हणाला, "भाजीत मीठ कमी टाक." भाजी अजून चुलीवर चढलीसुद्धा नव्हती.

सकाळी तो फाट्यावर गेला. तृप्ती गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरून उभी होती.

"मॅडम, जुना रस्ता टिकणार न्हाई," भिवा म्हणाला. "पाया खलास हाय. ब्रेकर काढा."

"नक्की? काकूंना..."

"मी सांगतो तिला."

सव्वीस वर्षांत रस्त्याबद्दल त्यानं लेखी खोटं पुष्कळ सांगितलं होतं. तोंडी हे पहिलंच. आपल्या तोंडातून जे निघत नाही ते रस्त्याच्याच तोंडातून निघू दे, एवढंच त्याच्या मनात होतं.

बेबीनंदाला त्यानं सांगितलं आणि ती उठून तृप्तीकडे गेली, ब्रेकर परत त्याच जागी होईल असं लिहून घेऊन आली. जेसीबी आला त्या सकाळी ती चुन्याची बादली घेऊन भिवाच्या आधी वळणावर हजर होती. जागा चुकू नये म्हणून ब्रेकरच्या दोन्ही टोकांना तिनं कडेच्या दगडांवर चुन्याचे ठिपके दिले. मग बाजूला उभी राहिली. तृप्ती होती, अप्पाराव होता, तातेरावही फेटा बांधून आले होते.

जेसीबीनं दात लावले. ब्रेकरचं डांबर पोपडा निघावा तसं निघालं आणि खालून भसकन मुरूम सांडला. ड्रायव्हरनं बकेट वर घेतली. रस्त्याच्या मधोमध परातीएवढं भोक उघडं पडलं, चांगलं वीतभर खोल, कडा धारदार.

"अरे बापरे," तृप्ती म्हणाली. ती गुडघ्यावर बसली, कडेचं डांबर बोटानं चाचपलं. "हा आत्ताचा नाही. हा ब्रेकरच्या आधीचा आहे."

"मातीनं खचला आसंल," अप्पाराव घाईनं म्हणाला. "काळी जमीन हाय, मॅडम. भिवा, टाक रं खडी."

भिवा हलला नाही. बेबीनंदा बादली घेऊन जवळ आली, खड्ड्यात बघितलं, मग नवऱ्याकडे.

"हे काय हाय?"

"खड्डा," भिवा म्हणाला. "तवाचाच."

"कवाचा?"

"सूरज आल्ता तवाचा. शनवारी म्या बुजवला म्हणून लिवलं. बुजवला नव्हता. डांबर नव्हतं." त्याचा आवाज हजेरी सांगितल्यासारखा सपाट होता. "लेकरू यातच गेलं. मंग यावर ब्रेकर म्याच करून घेतला."

अप्पाराव कुणाचा तरी फोन आल्यासारखा बाजूला सरकला. बेबीनंदा तिथंच उभी. तिनं बादली खाली ठेवली.

"म्हंजी... म्या जल्दी ये म्हनले म्हनून न्हाई?"

"न्हाई."

"जोरात न्हवता आला त्यो?"

"न्हाई गं. मागून परगावचा ट्रॅक्टरवाला येत व्हता, त्यानं बघितलं व्हतं. बैलगाडीला पुढं जाऊ देऊन राह्यला व्हता, मला म्हनला."

"हे तुमाला ठावं व्हतं. तीन वरसं."

"व्हय."

ती त्याला मारेल असं सगळ्यांना वाटलं. भिवालाही वाटलं, बरं होईल असंही वाटलं. तिनं मारलं नाही. खाली बसली, बादलीतला कुंचला काढला आणि खड्ड्याभोवती चुन्याचं गोल रिंगण काढलं, मैलकामगार बुजवायचे खड्डे खुणावतात तसं. ते तिनं नवऱ्याला करताना हजारदा बघितलं होतं. मग उठली आणि घरी गेली.

भिवानं तो खड्डा स्वतः बुजवला. कडा चौकोनी छाटल्या, तळ झाडला, खडी ठोकली, डांबर ओतलं. कुणी मदतीला आलं तर त्यानं हातानंच नको म्हणून सांगितलं.

शर्यत झाली. धुरळा, गोंगाट, झेंडे, तातेरावांचं लांबलचक भाषण. मोटारी त्या जागेवरून एवढ्या वेगानं गेल्या की नजर पुरली नाही, आणि एकीचंही चाक उडालं नाही. पारितोषिक घेताना एक चालक म्हणाला की चिंचेजवळचं वळण सगळ्यात गुळगुळीत होतं. भिवानं गर्दीत उभं राहून ते ऐकलं. त्याला काही वाटलं नाही.

बेबीनंदा तेवढे दिवस त्याच्याशी बोलली नाही. ताट वाढायची आणि उठून जायची.

तिसऱ्या दिवशी ब्रेकर परत करायला गाडी आली. मास्तरचा झाला, बहिणींचा झाला, गोऱ्ह्याचा तर जरा जास्तच उंच झाला. सातव्या जागेवर चुन्याच्या ठिपक्यांच्या मधोमध बेबीनंदा उभी होती. तृप्तीनं लिहून दिलेला कागद तिच्या हातात होता. तातेराव म्हणाले, "बघ, शब्द पाळला का न्हाई?"

बेबीनंदानं कागदाची घडी घातली आणि कमरेला खोचली.

"हितं ब्रेकर नको."

"आता आनिक काय झालं?"

"ब्रेकर जोरात येनाराला आसतो. माझा सूरज हळू आल्ता."

गाडी आठव्याकडे गेली.

पुढच्या पौर्णिमेला ती विहारातून आली आणि चुन्याची बादली घेऊन निघाली. भिवा ओट्यावर बसला होता. ती दारात थांबली, पण त्याच्याकडे बघितलं नाही. तो उठला आणि तिच्या मागं चालू लागला. वळणावर तिनं बादली त्याच्या हातात दिली आणि कुंचल्यानं डांबरावर सावकाश, शाळेतल्यासारखी एकेक अक्षर करत लिहिलं, 'हितं खड्डा व्हता.' येणारी एसटी ड्रायव्हरनं थांबवली आणि तिचं लिहून होईपर्यंत हॉर्न वाजवला नाही.

दुसऱ्या दिवशी अप्पाराव तणतणत आला. खात्याची बदनामी आहे, ते आत्ताच्या आत्ता पूस म्हणाला. भिवानं डायरी काढली. आज कुठला वार हे नीट विचारून घेतलं आणि लिहिलं, 'वळणावरील मजकूर पुसला नाही.' खाली सही केली.

अक्षरं टायरांखाली महिन्याभरात जातात. पौर्णिमेला ती पुन्हा लिहिते. ती अजून त्याच्याशी फारसं बोलत नाही. बादली मात्र तोच धरतो, आणि चुना ढवळताना बोटांच्या भेगांत शिरून झोंबतो तेव्हा तो हात मागं घेत नाही.

मग एका रविवारी घरात वरण-बट्टी झाली. ताट वाढून ती उंबऱ्यात उभी राहिली आणि आतल्या खोलीकडे बघून म्हणाली, "या जल्दी. थंड होऊन राह्यलं."

भिवाला आतून उठता येईना. तो रडत होता.